लोड किती असेल?

डिसेंबरचा दुसरा आठवडा संपत आला की आमच्या घरात एका डायरीची शोधाशोध सुरू होते. कुणा विमा एजंटाने दिलेली 2016 सालची डायरी, जांभळ्या रेक्झिनच्या कव्हराची. आतल्या मजकुराचा वर छापलेल्या तारखांशी काही संबंध नाही. पहिल्या पानावर माझ्या सासऱ्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलंय: ‘कोपऱ्यावरचे घर. मोठे बल्ब, 200 नग. 1400 वॉट. एक गेलेला.’ दुसऱ्या पानावर: ‘समोरचे. सर्व एलईडी. लोड नगण्य. हरणाची मान हलत नाही.’

आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसन गावात राहतो आणि दर वर्षी सगळे मिळून ख्रिसमसचं लायटिंग बघायला जातो. त्याचं हे दप्तर.

प्रथा, परंपरा वगैरे फार मोठे शब्द झाले. सुरुवात मुलीच्या झोपेपासून झाली. 2011 साली आम्ही इथे आलो तेव्हा थोरली तीन वर्षांची होती आणि रात्री झोपायचं नाही या एका मुद्द्यावर ठाम होती. गाडीत घालून दोन-चार मैल फिरवलं की मात्र मान टाकायची. त्यामुळे रात्री साडेआठचा फेरा ठरलेला. नवरा गाडी चालवणार, मी मागे तिच्याशेजारी, रेडिओ बंद, कुणी कुणाशी बोलायचं नाही. डिसेंबरातल्या एका रात्री रस्त्याचं काम चाललं होतं म्हणून त्याने नेहमीचं वळण सोडून भलत्याच गल्लीत गाडी घातली. गल्लीतली सात-आठ घरं लखलखलेली. छपराच्या कडेने लाल-हिरवे बल्ब, झाडांच्या बुंध्यांना गुंडाळलेल्या माळा, अंगणात तारेची हरणं. पेंगुळलेली मुलगी टक्क जागी झाली. गल्ली संपली तेव्हा म्हणाली, “परत.” आम्ही परत फिरलो. मग पुन्हा “परत.” साडेदहाला कशीबशी झोपली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता बूट घालून दाराशी उभी. इथे डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो, म्हणजे तिच्या हिशेबाने पाचला रात्रच झालेली.

आम्ही दोघंही पुण्याचे. गणपतीत देखावे बघत पेठांमधून रात्र रात्र पायी हिंडलेलो. रोषणाई बघायला अख्खं घरदार बाहेर काढायचं, यात आम्हाला नवल काही नव्हतं. पण तिथे मंडळ असतं, वर्गणी असते, पावतीपुस्तक घेऊन येणारी पोरं असतात. इथे एक माणूस आपल्या पैशाने, आपल्या शिडीवर चढून, आपल्याच घराचा देखावा करतो आणि तो बघायला आलेल्या परक्या गाड्या महिनाभर निमूट सोसतो. यात देवाचा संबंध किती, हा प्रश्न मला पहिली दोन वर्षं पडायचा. त्याचं उत्तर मिळालं नाही, पण तो पडायचा मात्र थांबला.

करता येतील त्या सगळ्या चुका आम्ही पहिल्या काही वर्षांत उरकून घेतल्या. ख्रिसमसच्या आदल्या शनिवारी निघायचं, ही पहिली. त्या दिवशी सगळ्यांनाच वेळ असतो, म्हणून गल्लीच्या तोंडाशी गाड्यांची रांग आणि समोर उजेड दिसतो तो पुढच्या गाडीच्या ब्रेकचा. आता आम्ही मंगळवार किंवा बुधवार धरतो. दुसरी चूक हेडलाइटची. आपले दिवे समोरच्या घरावर मारून त्याचं लायटिंग बघणं म्हणजे नाटक चालू असताना रंगमंचावर बॅटरी टाकणं. हल्लीच्या गाड्यांचे दिवे तर बंद करू म्हटलं तरी होत नाहीत. मग एकच उपाय, घराच्या अलीकडे न थांबता थोडं पुढे जाऊन थांबायचं आणि मागच्या काचेतून बघायचं. मुलांना ते जास्त आवडतं. त्यांना मागे वळून बसायला आयतं कारण मिळतं.

तिसरी चूक अजून आठवली की कानाच्या पाळ्या गरम होतात. एका घरासमोर छान जागा मिळाली म्हणून गाडी लावून आम्ही दहा मिनिटं बघत बसलो. मागे एक गाडी येऊन थांबली होती. आम्हाला वाटलं, तेही बघतायत. शेवटी त्यातला माणूस उतरला, आमच्या काचेशी आला आणि हसतच म्हणाला, “सावकाश बघा, फक्त मी इथे राहतो.” आम्ही त्याच्याच घराच्या वाटेत गाडी लावली होती आणि तो किराणा घेऊन घरी जायची वाट बघत होता. ज्याच्या घराचं कौतुक करायला आलो त्यालाच दारात उभं केलं.

विकतचं लायटिंगही एकदा बघितलं. मोठ्या मैदानातून गाडी न्यायची, दोन्ही बाजूंना दिव्यांच्या कमानी, रेडिओवर त्यांचं स्टेशन लावायचं. दीड तास रांगेत, वीस मिनिटं आत. कमानी चांगल्या होत्या, पण ते सगळं लावणारा माणूस कुठे दिसत नव्हता, म्हणून की काय, बाहेर पडल्यावर गाडीत कुणालाच बोलायला काही नव्हतं. आम्ही पुन्हा गेलो नाही. ज्यांच्याकडे तान्हं बाळ आहे किंवा थंडीत चालू न शकणारी माणसं आहेत त्यांनी जरूर जावं, गाडीतून उतरावं लागत नाही. माझं मत आपलं गल्लीतल्या घरांना.

तरी 2015 पर्यंत आमचं बघणं म्हणजे “वा”, “ए ते बघ” आणि फोनवर काढलेले धूसर फोटो, एवढंच होतं.

2016 च्या नोव्हेंबरात सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले. आम्ही त्यांना आई आणि अण्णा म्हणतो. अण्णा विद्युत मंडळात लाइनमन म्हणून लागले आणि 2000 साली ज्युनिअर इंजिनीअर म्हणून निवृत्त झाले. मंडळाचं पुढे महावितरण झालं, पण ते अजून एमएसईबीच म्हणतात. चौऱ्याहत्तरीच्या अण्णांना अमेरिकेत बघण्यासारखं काय वाटलं तर ट्रान्सफॉर्मर. आमच्या रस्त्यावर लाकडी खांब आणि त्यावर उघड्या तारा आहेत हे पाहून त्यांना इतका आनंद झाला, की पहिल्या आठवड्यात ते रोज खांब मोजत फिरायला जायचे.

लायटिंग बघायला जायचं ठरलं तेव्हा त्यांनी अट घातली. “ज्याच्या नावाच्या गावात राहता, आधी त्याला नमस्कार करू.” आम्ही पाच वर्षं एडिसनमध्ये राहून तिथे गेलो नव्हतो. मेन्लो पार्कमधला थॉमस एडिसनचा मनोरा आमच्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर आहे. 1938 साली उभा राहिलेला, शंभरावर फूट उंच, आणि टोकाला काचेचा प्रचंड बल्ब. ज्या प्रयोगशाळेत 1879 साली एडिसनने टिकणारा दिवा बनवला ती इथे आता नाही. हेन्री फोर्डने ती मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला नेऊन आपल्या संग्रहालयात उभी केली. इथे राहिला तो मनोरा, एक छोटंसं म्युझियम आणि क्रिस्टी स्ट्रीट नावाचा साधा रस्ता. 31 डिसेंबर 1879 च्या रात्री विजेचे दिवे पेटलेले बघायला लोक जादा गाड्या भरभरून या आडगावात आले होते. अण्णा हे सगळं खात्याच्या परीक्षेला पाठ केलं होतं तसं सांगत होते, मफलर आणि माकडटोपीच्या मधल्या फटीतून. थोरली तेव्हा आठ वर्षांची. ती म्हणाली, “म्हणजे ते पण आपल्यासारखे लायटिंग बघायलाच आले होते.” अण्णांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्या दिवसापासून ती त्यांची लाडकी आणि धाकटा दुसऱ्या नंबरावर.

झाडावर विजेचे दिवे लावायची कल्पना एडिसनचा भागीदार एडवर्ड जॉन्सन याची. 1882 च्या डिसेंबरात त्याने न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी ख्रिसमसचं झाड उभं केलं, लाल, पांढरे आणि निळे मिळून 80 बल्ब लावले आणि झाड विजेवर गोल फिरवलं. हे नवऱ्याने फोनवर वाचून दाखवलं. अण्णांचा पहिला प्रश्न, “सप्लाय कुठला?” त्याच वर्षीच्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचं वीजकेंद्र सुरू झालं होतं, तेही त्यांनीच सांगितलं.

मनोऱ्याला हात जोडून आम्ही कोपऱ्यावरच्या घराशी आलो. तिथे जे झालं त्याने आमचं लायटिंग बघणं कायमचं बदललं. आम्ही सवयीने “वा” म्हटलं. अण्णा गप्प. ओठ हलत होते. मग म्हणाले, “लोड किती असेल?”

मग त्यांनी सगळ्यांना कामाला लावलं. छपराच्या एका बाजूचे बल्ब थोरलीने मोजायचे, दुसऱ्या बाजूचे मी. छपराच्या कडेचे जाडजूड, अंजिराएवढे बल्ब असतात त्यांना इथे सी-नाईन म्हणतात. जुन्या तारेच्या बल्बला प्रत्येकी सात वॉट. पंचवीस बल्बांची एक माळ, म्हणजे 175. आठ माळा, 200 बल्ब, 1400 वॉट. अण्णांनी नवऱ्याला विचारलं, घरातला ब्रेकर किती अँपिअरचा? पंधरा. इथला दाब 120 व्होल्ट, म्हणजे 1800 वॉट, आणि तासन् तास चालवायचं असेल तर त्याच्या ऐंशी टक्केच भार टाकायचा, 1440. अण्णा मांडीवर थाप मारून म्हणाले, “हिशेबाचा माणूस आहे! नववी माळ लावली नाही बघ त्याने.” आत राहणाऱ्या माणसाचं आम्ही पाच वर्षांत प्रथमच कौतुक करत होतो. तोवर नुसतं बल्बांचं करत होतो.

पुढच्या घरी सगळं एलईडी. तेवढाच बल्ब, पण अर्धा-पाऊण वॉटचा. अण्णांचा उत्साह जरा ओसरला. “यात काय, सायकलच्या डायनामोवर चालेल.” तिसऱ्या घरावर इतकं काही होतं की मोजता येईना. तिथे त्यांनी शंका काढली, “आकडा तर टाकला नसेल?” आई समोरच्या सीटवरून म्हणाल्या, “निवृत्त झालात, आता तरी धाडी थांबवा.”

आईंचा प्रश्न वेगळाच होता. त्या प्रत्येक घरापाशी विचारायच्या, “हे चढवतं कोण?” अण्णांना लोड, आईंना शिडी. खरं सांगायचं तर मला आईंचा प्रश्न जास्त पटला. आपल्याकडे दिवाळीत आकाशकंदील लावायला एकजण स्टुलावर आणि चारजण खाली सूचना द्यायला असतात, आणि स्टूल धरणारी कोण असते ते सांगायला नको.

उत्तर अचानक मिळालं. एका घरापाशी एक बाई शिडी लावून सुटलेली माळ पुन्हा अडकवत होती. आईंनी गाडी थांबवायला लावली, काच खाली केली आणि मला म्हणाल्या, “विचार.” मी अवघडत विचारलं. ती बाई शिडीवरून उतरून आली आणि पंधरा मिनिटं बोलत उभी राहिली. मला वाटतं तिला कुणी कधी विचारलं नसावं. काम ऑक्टोबरातच सुरू होतं म्हणाली, कारण थंडी पडली की वायर ताठ होते आणि हातमोजे घालून क्लिपा लागत नाहीत. खिळा मारायचा नाही, छपराच्या पन्हाळीला प्लास्टिकच्या क्लिपा अडकवायच्या. प्रत्येक माळ आधी जमिनीवर पसरून पेटवून बघायची. दोन जोडण्या जिथे येतात तिथे तोंड खाली करून ठेवायचं, पाणी साठू द्यायचं नाही. तीन शनिवार-रविवार जातात. आणि सगळ्यांत त्रासाचं काम लावण्याचं नाहीच, जानेवारीत उतरवण्याचं. तेव्हा कुणी बघायला येत नाही, बर्फ असतो आणि नवऱ्याची पाठ दुखत असते. माळा पुठ्ठ्याला गुंडाळून डब्यात ठेवते, डब्यांवर ‘डावं झुडूप’, ‘पुढचं दार’ अशा चिठ्ठ्या. हे भाषांतर करून सांगितल्यावर आईंनी मान डोलावली. “गणपतीचं मखर आपण असंच बांधून ठेवतो.” पर्समधून रव्याच्या लाडवांचा डबा निघाला. पुढच्या वर्षी त्या बाईने आमची गाडी ओळखली. आई तेव्हा पुण्यात होत्या, लाडू नव्हते, आणि तिने ते बोलूनही दाखवलं.

त्या वर्षी आम्ही ब्रुकलिनच्या डायकर हाइट्सलाही गेलो. एडिसनहून तीसेक मैल. स्टेटन आयलंड ओलांडायचं आणि व्हेराझानो पूल उतरला की आलंच. 11 व्या आणि 13 व्या ॲव्हेन्यूच्या मधल्या, 83 ते 86 नंबरच्या रस्त्यांवर घरामागून घर पेटलेलं असतं. जाणाऱ्यांना माझा सल्ला, गाडी घेऊन आत शिरू नका. आम्ही आठ-दहा गल्ल्या अलीकडे गाडी लावली आणि चालत गेलो. संध्याकाळी लवकर जा, रात्री नवाच्या सुमारास एकेक घर मालवायला लागतं. जाड मोजे घाला. चार वर्षांचा धाकटा बाबाच्या खांद्यावर होता, आणि खांद्यावरच्या मुलाला चालणाऱ्या माणसापेक्षा जास्त थंडी वाजते हे आम्हाला तिथे कळलं, कारण तो हलत नाही.

84 नंबरच्या रस्त्यावरचं लूसी स्पाटा या बाईंचं घर म्हणजे तिथलं मूळपीठ. त्या 1986 साली या वस्तीत राहायला आल्या आणि आईला ख्रिसमसची हौस होती म्हणून तिच्या आठवणीत घर सजवायला लागल्या. सुरुवातीला शेजारी कुरकुरले. मग एकेकाने आपापलं घर सजवायला घेतलं. परवडलं म्हणायचं, कारण असल्या कुरकुरीचं सगळीकडेच असं होत नाही. आर्कान्सातल्या लिटल रॉकमध्ये जेनिंग्ज ऑस्बोर्न नावाच्या गृहस्थांनी त्याच 1986 साली मुलीच्या हौसेखातर घरावर दिवे लावायला सुरुवात केली. दिवे लाखांवर गेले, रस्ता तुंबायला लागला, शेजारी कोर्टात गेले, आणि शेवटी 1995 साली ते लायटिंग उचलून फ्लोरिडात डिस्नेच्या पार्कमध्ये न्यावं लागलं. तिथे ते वीस वर्षं चाललं. मला या गोष्टीत दोन्ही बाजू पटतात. रोज संध्याकाळी आपल्याच घरी पोहोचायला तासभर लागला तर मीही कोर्टाची पायरी चढेन. त्या किराणावाल्या माणसाचं हसू आठवलं की तर नक्कीच.

तर डायकर हाइट्स. देवदूत, बर्फाचे बाहुले, दोन मजली सांता, पुरुषभर उंचीहून मोठे लाकडी शिपाई, झाडाच्या शेवटच्या काडीपर्यंत गुंडाळलेल्या माळा. आई हरखून गेल्या. अण्णांचा चेहरा मात्र हळूहळू पडत गेला. कारण एका गल्लीत त्यांना सजावट करणाऱ्या कंपनीचा ट्रक दिसला. तिथली कितीतरी घरं पैसे मोजून कंपन्यांकडून सजवून घेतली जातात. “म्हणजे कंत्राटी काम,” अण्णा म्हणाले, जणू कुणी त्यांना फसवलं होतं. मी म्हटलं, “अण्णा, आपल्याकडे मंडळं तरी कुठे स्वतः लायटिंग करतात? मांडववालाच येतो ना?” ते काही बोलले नाहीत. गाडीशी पोहोचेपर्यंत बोलले नाहीत. सासऱ्यांना उत्तर दिल्याचं मला वाईट वाटत होतं आणि मुद्दा बरोबर असल्याचं समाधानही होतं, अशी पंचाईत.

मौन मोडलं ते धाकट्याने. बाबाच्या खांद्यावरून ओरडला, “आजोबा, एक गेलाय!” त्या सगळ्या झगमगाटात, कंपनीने लावलेल्या घरावर, तिसऱ्या मजल्याच्या कडेला एक बल्ब विझलेला. अण्णा खुलले. तिथेच त्यांनी नियम केला, की प्रत्येक घराचा एक गेलेला बल्ब शोधायचा. सापडल्याशिवाय पुढे जायचं नाही.

सापडतोच. आठ वर्षं झाली, एकही बल्ब न गेलेलं घर आम्हाला मिळालेलं नाही. मुलांचे डोळे त्यासाठी असे तयार झालेत, की परवा मॉलच्या छतावरचाही एक शोधला.

हा एक गेलेला बल्ब एकटाच का विझतो आणि कधी कधी अख्खी माळ का विझते, हा धडा अण्णांनी जेवणाच्या टेबलावर भात वाढायचा थांबवून घेतला. मोठ्या बल्बांच्या माळा समांतर जोडणीच्या, एक गेला तर बाकीचे आपले चालू. तांदळाएवढ्या बारीक बल्बांच्या माळा एकसर. पन्नास बल्ब एकामागे एक, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण अडीच व्होल्ट. अशा बल्बच्या पोटात आणखी एक बारीक तार असते. वरची तार तुटली की वीज त्या खालच्या तारेने पुढे जाते, म्हणून बल्ब मेला तरी माळ जगते. पण बल्ब खोबणीतून सैल झाला तर रस्ताच तुटतो, मग सगळे गेले. शंभर बल्बांची माळ म्हणजे पन्नासाच्या दोन, शेजारी शेजारी. म्हणून ती अर्धी विझते. “अर्धी विझली तर फ्यूज बघत बसायचं नाही,” अण्णा म्हणाले. “फ्यूज गेला तर सगळी जाईल. विझलेल्या अर्ध्यात एक सैल आहे, तो शोधायचा.” थोरलीने हे वाक्य पुढे शाळेच्या विज्ञानप्रकल्पात जसंच्या तसं लिहिलं.

मे महिन्यात ते दोघं परत गेले. डायरी राहिली. विसरली का मुद्दाम ठेवली, विचारलं नाही. पुढची काही पानं माझ्या अक्षरात आहेत, मग थोरलीच्या. तिने दोन रकाने वाढवले, ‘डोकं लावलंय का’ आणि ‘फुग्यांची संख्या’. फुगे म्हणजे पंख्याच्या हवेवर उभे राहणारे सांता आणि बाहुले. दिवसा पंखा बंद असतो, तेव्हा ते अंगणात चिंध्यांसारखे पडलेले असतात. आमच्या घरी फुग्यांना मान नाही. पंखा लावला की उभे, यात शिडी कुठेच येत नाही. हा दुराग्रह आहे हे मला माहीत आहे.

2020 साली कुठेच जाता येत नव्हतं तेव्हा आम्ही एका आठवड्यात चार फेऱ्या केल्या. काचा बंद, थर्मासमधला चहा, आणि नेहमीपेक्षा कितीतरी जास्त घरं पेटलेली. 2022 साली थोरली आली नाही. चौदा वर्षांची होती, मैत्रिणींचं काही ठरलं होतं आणि गेलेले बल्ब मोजणं लाजिरवाणं होतं. आम्ही तिघं गेलो. त्या वर्षीच्या पानावर धाकट्याने फक्त सहा घरं लिहिलीत, आणि एकाही घरासमोर वॉट नाहीत, कारण गुणाकार तिचं काम होतं. पुढच्या वर्षी तिने स्वतःच मंगळवार ठरवला. कुणी काही विचारलं नाही.

आमच्या स्वतःच्या घरावर मात्र इतकी वर्षं काही नव्हतं. आधी भाड्याचं घर, मग वेळ नाही, मग कंटाळा. दिवाळीचा आकाशकंदील तेवढा नाताळापर्यंत राहायचा. गेल्या डिसेंबरात धाकट्याने हट्ट धरला, की आपण सगळ्यांची तपासतो, आपली कुणी तपासायची? रस्त्यापलीकडच्या आजोबांनी घर आवरताना जुन्या माळांचा डबा देऊ केला होता. तो आणला. तीनच माळा, शंभर-शंभर बारीक बल्बांच्या, तारेच्या. पुढच्या कठड्याला बांधल्या, बाहेरच्या सॉकेटला जोडल्या. दोन पेटल्या. तिसरी अर्धी.

संध्याकाळचे साडेसहा, म्हणजे पुण्यात पहाटेचे पाच. अण्णा त्या वेळी उठलेलेच असतात. आता ब्याऐंशीचे, प्रवास झेपत नाही, ऐकायलाही कमी येतं. व्हिडिओवर त्यांचं कपाळच दिसत होतं. धाकट्याने फोन माळेसमोर धरला.

“अर्धीच ना?” कपाळ म्हणालं. “मग फ्यूज नाही.”

“माहितीये आजोबा.”

“एका टोकाने सुरू कर. दाबून बघ एकेक. घाई नको.”

थोरली बल्ब दाबत होती, धाकटा मोजत होता. नवरा शिडी धरून उभा होता. शिडीवर मी. पंचविसाव्या-सव्विसाव्या बल्बाला रस्त्यावरून येणारी एक गाडी हळू झाली. मागची काच खाली आली आणि आतून एका लहान मुलाचा हात आमच्या कठड्याकडे वळला.

“थांबली, थांबली,” धाकटा कुजबुजला. “ताई, लवकर!”

“घाई नको म्हटलं ना,” फोनमधून आवाज.

गाडी थोडी थांबून पुढे गेली. एकतिसावा सैल निघाला. दाबल्याबरोबर उरलेली अर्धी माळ उजळली, आणि धाकटा नुसत्या मोज्यांवर रस्त्यापर्यंत पळत गेला, पण तोवर गाडी वळली होती.

“लागली का?” अण्णांनी विचारलं.

“लागली.”

“प्लग कुठे पडलाय? दाखव मला.” मी फोन खाली नेला. “जमिनीवर टेकवू नकोस, बर्फ वितळला की पाणी जाईल. विटेवर ठेव. आणि तोंड खाली.”

वीट शोधायला नवरा गॅरेजमध्ये गेला.